पावणेदोन लाखांची केबल घेऊ का?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देतो:

"गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो. आयुष्यभराची हौस होती, म्हणून चांगला ॲम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारी पेटी) आणि उभे स्पीकर घेतले. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय: किशोरीताई, कुमारजी, मल्लिकार्जुन मन्सूर. आता दुकानदारांनी एक मीटर लांबीच्या बॅलन्स्ड एक्सएलआर केबलची जोडी सुचवली आहे. किंमत १,७५,००० रुपये. दुकानात त्यांनी आधी साधी आरसीए केबल (एकाच तारेभोवती जाळी असलेली) लावून ऐकवलं, मग ही लावली. आवाजाच्या नॉबला हातही लावला नाही, तरी फरक इतका की तानपुरे एकदम उघडले. मी तिथेच १०,००० रुपये टोकन देऊन आलो. मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे. तो म्हणतो, बाबा, हा तुमच्या कानांचा भ्रम आहे, ६१व्या वर्षी असलं काही ऐकूच येत नाही. शिवाय टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडल्यापासून स्पीकरमधून सतत बारीक घूंऽऽ येतं. दुकानातला मुलगा म्हणाला, या केबलने तेही जाईल, आणि तोवर ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. काय करू? जाता जाता आणखी एक: माळ्यावर जुना टर्नटेबल आहे. तो पुन्हा सुरू केला तर त्यालाही भारी केबल लागेल का?"

स. न. वि. वि.

सर्वांत आधी ते अर्थिंगचं. पिन काढली नसेल तर काढू नका, आणि काढली असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी प्लग बदलून घ्या. ॲम्प्लिफायरची पेटी धातूची असते. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा एखाद्या वायरचं इन्सुलेशन गेलं आणि २३० व्होल्ट त्या पेटीला लागले, तर तो करंट अर्थिंगमधून निघून जातो आणि एमसीबी पडतो. पिन नसेल तर पेटी तशीच जिवंत राहते, आणि पुढचा हात तुमचा, नाहीतर फडक्याने धूळ पुसणाऱ्या बाईंचा. घूं घालवण्यासाठी हा उपाय सुचवणारा माणूस किती का चांगला असेना, त्याचा हा सल्ला ऐकायचा नाही. घूं घालवायचे सुरक्षित आणि स्वस्त मार्ग आहेत, ते खाली लिहितो.

आता केबल. घेऊ नका. तुमचं यंत्र एक्सएलआरने जोडा, जरूर जोडा, पण त्यासाठी चार-पाच हजारांत चांगली बनवलेली जोडी मिळते, आणि ती जे काम करील त्यापेक्षा जास्त काम पावणेदोन लाखांची जोडी करणार नाही. तुम्ही हौसेने आणि कष्टाच्या पैशाने हे उभं केलंय, त्यामुळे नुसतं "घेऊ नका" म्हणून सोडत नाही. कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला दुकानात तुम्हीच प्रश्न विचाराल.

एक्सएलआरच्या प्लगमध्ये तीन पिना असतात. पहिल्या पिनेला केबलभोवतीची जाळी, म्हणजे शील्ड. दुसऱ्या पिनेवर सिग्नल, आणि तिसऱ्या पिनेवर बहुतेक वेळा तोच सिग्नल उलटा करून. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी जे सर्किट असतं, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेतला फरक तेवढा उचलतं. वाटेत घरातल्या विजेच्या वायरिंगमधून, मोबाइलमधून, फ्रिजच्या मोटरमधून जो कचरा घुसतो, तो शेजारी शेजारी पीळ देऊन बसवलेल्या दोन्ही तारांत सारखाच घुसतो. दोघे भाऊ एकाच पावसात सारखेच भिजले, तर त्यांच्या वजनातला फरक भिजण्याआधी होता तेवढाच राहतो. म्हणून फरक काढला की कचरा वजा होतो आणि गाणं उरतं.

यात कळीचा भाग असा की दोन्ही तारांना जमिनीच्या तुलनेत अगदी सारखा अडथळा दिसला पाहिजे. तो सारखेपणा डॅकच्या आउटपुट सर्किटमध्ये आणि ॲम्प्लिफायरच्या इनपुट सर्किटमध्ये ठरतो. तिथले रेझिस्टर एकमेकांशी किती नेमके जुळलेत, यावर कचरा किती वजा होणार हे अवलंबून. उलटा सिग्नल पाठवलाच पाहिजे असंसुद्धा नाही. तिसऱ्या पिनेवर काहीच न पाठवता नुसता अडथळा सारखा ठेवला, तरी कचरा तितकाच वजा होतो. म्हणजे बॅलन्स्ड जोडणीचं सगळं शहाणपण दोन टोकांच्या पेट्यांत आहे. मधल्या केबलने एवढंच करायचं: दोन तारा एकसारख्या असाव्यात, पीळ घट्ट असावा, जाळी दाट असावी, डाख पक्का असावा. हे काम अवघड नाही आणि महागही नाही.

ही जोडणी हाय-फायवाल्यांनी शोधलेली नाही. टेलिफोनच्या तारा मैलोन्मैल विजेच्या खांबांशेजारून जायच्या, तेव्हापासूनची ही युक्ती. तिथून ती रेडिओ स्टेशनांत आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत आली. तुम्ही ज्यांचं गाणं ऐकता, त्यांच्यासमोर स्टुडिओतला मायक्रोफोन होता. त्याचा सिग्नल काही मिलीव्होल्टचा, म्हणजे तुमच्या डॅकमधून निघणाऱ्या सिग्नलच्या साधारण हजाराव्या भागाइतका. तो नाजूक सिग्नल मायक्रोफोनपासून कंट्रोल रूमपर्यंत लांबच लांब केबलमधून गेला, आणि ती केबल स्टुडिओत रोज तुडवली जाणारी, मीटरवर विकली जाणारी साधी बॅलन्स्ड केबल होती. किशोरीताईंच्या स्वरातलं जे काही तुमच्यापर्यंत पोचलंय, ते सगळं तिच्यातूनच आलेलं आहे. त्यात जे गेलं असेल ते तुमच्या घरच्या शेवटच्या एका मीटरमध्ये परत येणं शक्य नाही, आणि जे राहिलं ते त्या एका मीटरमध्ये हरवण्याचंही कारण नाही.

दुकानात केबलबद्दल जे जे सांगतात, त्याचे आकडे मांडून बघू. तुम्ही बँकेत होतात, आकड्यांना घाबरणार नाही.

आधी कपॅसिटन्स, म्हणजे केबलच्या तारांमध्ये वीज साठून राहण्याची क्षमता. चांगल्या केबलचा तो मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. डॅकचा आउटपुट अडथळा १०० ओहम धरला, तर एक मीटर केबलमुळे आवाजाचा वरचा भाग कापला जायला सुरुवात होते ती सुमारे १६ मेगाहर्ट्झला. माणसाच्या कानाची कमाल मर्यादा २० किलोहर्ट्झ. आठशे पटींचं अंतर आहे. मग रोध. बारीक तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध एका मीटरला पाव ओहमच्याही आत, आणि समोर ॲम्प्लिफायरचा इनपुट १०,००० ते ४०,००० ओहमचा. जे नुकसान होतं ते डेसिबलच्या हजाराव्या भागाइतकंही भरत नाही. चांदीची तार? चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, हे खरं. पण पाव ओहमच्या सहा टक्क्यांचा चाळीस हजार ओहमसमोर काय पाड? स्किन इफेक्टचंही, म्हणजे वरच्या सुरांचा करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकण्याचंही, तेच. २० किलोहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागापासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत जातो, आणि या केबलमधली तार मुळातच त्याहून जाड नसते. केबलवर काढलेला बाण, महिनाभर वाजवून केबल "मुरवणं", केबलखाली ठेवायच्या लाकडी ठोकळ्या, यांवर एक रुपयाही घालवू नका.

मग दुकानात फरक ऐकू आला तो? तो खरा होता. याच मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आणि तुमच्या मुलाच्या विरुद्ध आहे. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "आवाजाच्या नॉबला हातही लावला नाही." दुकानदारांनी हे प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून केलं असेल, त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गडबड नेमकी तिथेच आहे. बहुतेक डॅक आरसीएच्या भोकातून २ व्होल्ट देतात आणि एक्सएलआरच्या भोकातून ४ व्होल्ट. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल. काही ॲम्प्लिफायर एक्सएलआर इनपुटवर हा फरक आतल्या आत भरून काढतात, बरेच काढत नाहीत. म्हणजे नॉब न हलवता केबल बदलली आणि आवाज थेट ६ डेसिबलने वाढला.

आता आवाज वाढला की नुसता मोठा होत नाही. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि फार वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा बरेच कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवत नेला की ही तूट भरत जाते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे त्या वरच्या स्वरांशांची झिलई. ६ डेसिबल वाढल्यावर ती पुढे येणारच, तबल्याच्या डग्ग्याला अंग येणारच. "तानपुरे उघडले" हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. फक्त ते केबलने उघडले नाहीत, आवाजाने उघडले. घरी आरसीएवर नॉब थोडा वर घ्या आणि तोच कलाकार पुन्हा लावा, म्हणजे प्रत्यय येईल.

आणि दुकानात तुलना झाली ती दोन वेगळ्या प्रकारच्या जोडण्यांची. साध्या एक्सएलआर केबलशी त्या महाग एक्सएलआर केबलची तुलना झालीच नाही, आणि तुम्ही पैसे तर दुसऱ्या तुलनेसाठी मोजणार आहात. टोकन परत मागताना एवढंच म्हणा: "तुमच्याकडची साधी एक्सएलआर केबल लावा, मग ही लावा, आणि कुठली कधी लावली ते मला सांगू नका." दहा वेळा करायचं. मागे एकाने केबल बदलायची, तुम्ही कागदावर लिहीत जायचं. प्रत्येक वेळी प्लग काढल्या-घातल्याचा आवाज झाला पाहिजे, केबल तीच ठेवली तरी. दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगितलंत, तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक आहे, आणि मग ती केबल खुशाल घ्या, मी माझे शब्द मागे घेईन. सहा-सात वेळा बरोबर आलं, तर ते नाणं उडवूनही सहज येतं. दुकानदार ही चाचणी करू देणार नसतील, तर त्यातच उत्तर आलं. टोकनचे १०,००० रोख परत करायला कुरकुर करत असतील तर त्यातून साधी एक्सएलआर जोडी, एक ऑप्टिकल केबल आणि उरलेल्याचं क्रेडिट मागा. दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं, आणि तुमच्यासारखं ऐकणारं गिऱ्हाईक तर हवंच असतं.

ऑप्टिकल केबल कशाला, तर त्या घूंसाठी.

तुम्ही लिहिलंय की टीव्ही जोडल्यापासून घूं सुरू झालं. या एका वाक्यात अर्धं निदान आहे. टीव्हीला सेट टॉप बॉक्स, सेट टॉप बॉक्सला डिशची किंवा केबलवाल्याची जाड गोल वायर. त्या वायरची बाहेरची जाळी गच्चीवर किंवा रस्त्यावर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. इकडे तुमचा ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला टेकलेला. या दोन जमिनी तंतोतंत एका पातळीवर कधीच नसतात, त्यांच्यात थोडं व्होल्टेज राहतं. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर आरसीए केबलने जोडले की त्या केबलच्या जाळीतून हा ५० हर्ट्झचा करंट वाहू लागतो. आरसीएमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे तो करंट गाण्यात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. सगळ्या इनपुटांची जमीन आत एकच असल्याने तुम्ही डॅक निवडा नाहीतर टीव्ही, थोडं घूं राहतंच.

खात्री अशी करा. रात्री, पंखे बंद असताना, घूं ऐकू येत असेल तेव्हा सेट टॉप बॉक्समागची ती गोल वायर फिरवून काढा. घूं गेलं? चोर सापडला. मग टीव्ही ते ॲम्प्लिफायर ही आरसीए केबल काढून टाका आणि टीव्हीचा ऑप्टिकल आउटपुट डॅकच्या ऑप्टिकल इनपुटला जोडा. या केबलमधून वीज जातच नाही, प्रकाश जातो, त्यामुळे दोन जमिनींचा संबंध तुटतो. किंमत काहीशे रुपये. डॅकला ऑप्टिकल इनपुट नसेल तर केबल टीव्हीच्या वायरला लावायचा आयसोलेटर मिळतो. डिशच्या वायरला मात्र तो चालेलच असं नाही, कारण त्याच वायरमधून छतावरच्या डिशला वीज जाते. तिथे आरसीएच्या मध्ये बसवायचा ट्रान्सफॉर्मर चालतो.

गोल वायर काढूनही घूं राहिलं, तर एक एक करून डॅक, टीव्ही सगळं ॲम्प्लिफायरपासून सोडवा. नुसता ॲम्प्लिफायर आणि स्पीकर उरले तरी घूं येत असेल, तर तो ॲम्प्लिफायरचाच आहे, दुरुस्तीवाल्याचं काम. घूं स्पीकरमधून येत नसून ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच येत असेल, कान जवळ नेल्यावर कळेल, तर ते ट्रान्सफॉर्मरचं थरथरणं, त्याचा कुठल्याही केबलशी संबंध नाही. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की आवाज बदलतो का, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घूं कर्कश होतं का, हेही बघा. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर त्यावर हाय-फाय लावूच नका. आणि एकदा चांगल्या वायरमनला बोलावून त्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं, तर कारण शोधायला सांगा. जुन्या इमारतीत पिन असते, भोक असतं, आणि मागे वायर जोडलेलीच नसते, असं फार घरांत आढळतं.

एक्सएलआरने घूं जाईल का, हा दुकानातल्या मुलाचा दावा पूर्ण खोटा नाही. डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यातल्या लूपचा त्रास बॅलन्स्ड जोडणीने खरंच जातो, कारण तिथे जाळी सिग्नलच्या वाटेत नसते. पण तुमचा लूप टीव्हीकडून येतोय, त्याला डॅकची केबल काय करणार? आणि एक गोष्ट आणखी. काही कंपन्या पहिल्या पिनेची जाळी यंत्राच्या धातूच्या पेटीला न जोडता आतल्या सर्किटच्या जमिनीला जोडतात. मग जाळीतला कचरा थेट सर्किटमध्ये. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा दोष नीट मांडला, आणि पुढे २००५ मध्ये त्या संस्थेने पहिली पिन पेटीलाच जोडावी असं मानकच केलं. हा दोष ज्या यंत्रात आहे, त्याला दोन लाखांची केबलही बरं करू शकत नाही. तसंच काही ॲम्प्लिफायरवर मागे एक्सएलआरचं भोक असतं, पण आतलं सर्किट साधंच असतं. तुमच्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात एक्सएलआर इनपुटसाठी कॉमन मोड रिजेक्शनचा (दोन्ही तारांतला सारखा कचरा किती वजा होतो त्याचा) आकडा दिलाय का बघा. ६० डेसिबलच्या पुढे असेल तर उत्तम. आकडाच नसेल, तर आरसीए आणि एक्सएलआर दोन्ही लावून, आवाज सारखा करून, जे शांत वाटेल ते ठेवा.

कुठली केबल घ्यायची ते सांगतो. जपानच्या कॅनारे किंवा मोगामीची, अमेरिकेच्या बेल्डेनची बॅलन्स्ड केबल, आणि दोन्ही टोकांना लिक्टेनस्टाइनच्या न्यूट्रिकचे प्लग. स्टुडिओ आणि लाउडस्पीकरवाल्यांची सामग्री विकणाऱ्या दुकानांत, मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याला तपकीर गल्लीत, मीटरवर केबल आणि नगावर प्लग मिळतात. नक्कल फार आहे, तेव्हा बिल घ्या. चार तारांची स्टार क्वाड केबल, उदाहरणार्थ कॅनारेची एल-४ई६एस, विजेच्या वायरिंगचा चुंबकीय त्रास साध्या दोन तारांच्या केबलपेक्षा आणखी कमी घेते. तिचा कपॅसिटन्स जास्त असतो, पण एका मीटरला वर केलेल्या हिशोबात काही फरक पडत नाही. तुमच्या यंत्रामागे एक्स्टेंशन बोर्डाचं जाळं असेल, तर हीच घ्या.

हातात घेतल्यावर बघायचं ते हे. प्लगमागचं झाकण फिरवून उघडा. तीनही डाख गुळगुळीत, चकचकीत, गोलसर असावेत; दाणेदार, मळकट किंवा गोळा होऊन बसलेला डाख कच्चा. जाळीचे सुटे केस दुसऱ्या पिनेकडे भरकटलेले नसावेत. केबलचं वरचं साल प्लगच्या पकडीत घट्ट बसलेलं असावं, म्हणजे ओढ बसली तर ती सालावर बसेल, डाखावर नाही. मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून एकला एक, दोनला दोन, तीनला तीन वाजतंय, आणि एक-दोन, दोन-तीन, एक-तीन वाजत नाहीये, एवढं तपासा. प्लग भोकात घातल्यावर टक् आवाज होऊन अडकला पाहिजे. बस.

वाचलेल्या पैशांतून मला खोलीवर थोडे खर्च झालेले बघायला आवडतील. तुम्ही लिहिलंय हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, एका बाजूला मोठी काचेची सरकती खिडकी, भिंती बऱ्याच मोकळ्या. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे टर्रर्र असा धातूसारखा आवाज आला, तर तानपुऱ्याच्या वरच्या सुरांचा खरा शत्रू सापडला. स्पीकरसमोर जाड गालिचा, काचेवर दुपदरी पडदा, एका बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट पुढे आणा, आणि तुमच्या खुर्चीकडे किंचित वळवा. खर्ज घुमत असेल तर तो बहुतेक वेळा भिंतीला चिकटलेल्या स्पीकरमुळे घुमतो. याने होणारा फरक ओळखायला कोणाला चाचणी घ्यावी लागणार नाही, घरातलं कुणीही सांगेल.

मुलाला हे पत्र दाखवा. केबलबद्दल तो बरोबर आहे. तुमच्या कानांबद्दल त्याने जे म्हटलं, ते मात्र बरोबर नाही. साठीनंतर १२-१३ किलोहर्ट्झच्या वरचं कमी होत जातं, हे सर्वांचंच होतं. पण गवयाचा आवाज, तानपुऱ्याच्या जवारीचा बहुतेक भाग, तबल्याची चाटी हे सगळं त्याच्या खाली येतं. आणि तीस-चाळीस वर्षं मन लावून गाणं ऐकलेल्या माणसाला निषादाची जागा किंचित हलली तर कळते, ते कोऱ्या तरुण कानाला कळत नाही. तुम्ही दुकानात फरक ओळखलात. कारण चुकीचं सांगितलं गेलं, एवढंच.

राहिला टर्नटेबल. तिथे माझं उत्तर उलट आहे: तिथे केबल खरंच बघून घ्यावी लागते. महाग असायची गरज नाही, योग्य असायची आहे. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या छोट्या भागाच्या) आत हजारो वेढ्यांची बारीक गुंडाळी असते, तिचा इंडक्टन्स साधारण अर्ध्या हेन्रीच्या घरात. तो केबलच्या कपॅसिटन्सशी मिळून एक अनुनाद तयार करतो, म्हणजे एका ठरावीक जागी सूर फुगतात, आणि तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेचं उदाहरण घेऊ. तिचा इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री, आणि कंपनी एकूण १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स ठेवायला सांगते. २०० असेल तर अनुनाद १५ किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. लांब किंवा भलत्या केबलमुळे तो ५०० झाला, तर अनुनाद १० किलोहर्ट्झच्याही खाली येतो: तिथे सूर टोचायला लागतात आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळून पडतं. ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेला १५० ते ३०० चालतात. म्हणून आधी तुमच्या कार्ट्रिजचा आकडा शोधा. त्यातून टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या वायरचे आणि फोनो इनपुटचे (टर्नटेबल जोडायच्या इनपुटचे) पिकोफॅरड वजा करा, उरेल तेवढीच केबलला मुभा. केबल एक मीटरपेक्षा लांब घेऊ नका, कमी कपॅसिटन्सची घ्या, विकणाऱ्याला आकडा विचारा. आणि टर्नटेबलमधून निघणारी ती सुटी बारीक अर्थिंगची वायर ॲम्प्लिफायरमागच्या स्क्रूला कसून बांधा. ती सैल राहिली की तिथूनही घूं येतं. सुई आणि बेल्ट एवढी वर्षं माळ्यावर राहिल्यामुळे गेलेले असणार, पहिली तबकडी लावायच्या आधी दोन्ही नवीन घाला.